बॅकअप उघडून दाखवा

जळगाव एमआयडीसीतल्या एका प्लास्टिक चटईच्या कारखान्यात मी ऑफिस आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं सांभाळते. प्लास्टिकचा दाणा येतो, एक्स्ट्रूडरमधून (दाणा वितळवून बाहेर ढकलणाऱ्या यंत्रातून) नळी निघते, लूमवर म्हणजे मागावर चटई विणली जाते आणि गठ्ठे बांधून कंटेनर न्हावाशेवा बंदराला जातो. चटई विणायला कॉम्प्युटर लागत नाही, पण ती गेटबाहेर काढायला लागतो. इन्व्हॉइस, ई-वे बिल (ट्रकने माल नेण्यासाठी लागणारा जीएसटीचा कागद), पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा कागद), बँक, मजुरांचा पगार, सगळं ऑफिसच्या एका खोलीतून जातं. गेल्या वर्षभरात आम्ही ही खोली सायबर हल्ल्यापासून वाचवायचं, आणि नाहीच वाचली तरी कारखाना चालू ठेवायचं काम केलं. ते कसं केलं आणि कुठे कुठे अडलं, हे सविस्तर लिहिते आहे. आमच्यासारख्या छोट्या युनिटमध्ये आयटी विभाग नसतो. एक दिवाणजी, एक-दोन ऑपरेटर आणि महिन्यातून कधीतरी येणारा कॉम्प्युटरवाला एवढ्यावरच सगळं चालतं.

कामाला सुरुवात झाली ती शेजारच्या एका युनिटवर ओढवलेल्या प्रसंगानंतर. ऐन मार्चअखेर होती. सकाळी त्यांचा सर्व्हर चालू केला तर टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, कंपनीच दिसेना. फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावाला अनोळखी शेपूट लागलेलं आणि स्क्रीनवर इंग्रजीत चिठ्ठी: फाइली कुलूपबंद आहेत, किल्ली हवी असेल तर क्रिप्टोमध्ये पैसे भरा. यालाच रॅन्समवेअर म्हणतात. त्यांच्याकडे बॅकअप होता, रोज घेतला जात होता. पण तो ज्या हार्ड डिस्कवर जायचा ती बारा महिने चोवीस तास त्याच सर्व्हरला जोडलेली असायची, त्यामुळे तिच्यावरच्या फाइलीही सोबतच कुलूपबंद झाल्या. मालकांना घरून टॅली बघता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉप (दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय) थेट इंटरनेटवर उघडा ठेवला होता आणि पासवर्ड म्हणजे फर्मचं नाव आणि पुढे तीन आकडे. असे उघडे दरवाजे शोधणारे प्रोग्रॅम जगभर रात्रंदिवस फिरत असतात आणि दर मिनिटाला शेकडो पासवर्ड लावून बघतात. दरवाजा जळगावचा आहे की जर्मनीचा, हे त्यांना ठाऊकही नसतं.

त्यांनी पैसे भरले नाहीत. माझ्या मते योग्यच केलं. पैसे भरल्यावर किल्ली मिळतेच असं नाही, आणि आजकाल कुलूप लावण्याआधी डाटाची नक्कल बाहेर नेऊन ठेवतात. म्हणजे पैसे भरूनही डाटा त्यांच्याकडे राहतोच. मग त्यांनी हिशेब पुन्हा उभा केला. मदतीला मी आणि आमचे दिवाणजी नाना जात होतो, आणि त्यातून एक गोष्ट कळली जी कुठल्याही सायबरतज्ज्ञाच्या व्याख्यानात ऐकली नव्हती. विक्री बरीचशी परत मिळते: ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवरून आणि भरलेल्या जीएसटीआर-१ (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रा) मधून. खरेदी जीएसटीआर-२बी मधून, म्हणजे पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीतून, जुळवता येते. बँकेचं स्टेटमेंट बँक देते. मोठे व्यापारी आपल्या वहीतला तुमचा खातेउतारा पाठवतात. पण सरकारकडे किंवा बँकेकडे ज्याची प्रत नसते, ते गेलं की गेलं. गोदामातला साठा, कुणाला तोंडी कबूल केलेला दर, आणि मजुरांची उचल. उचलीची एक्सेल शीट त्याच सर्व्हरवर होती. शेवटी मालकांनी प्रत्येक मजुराला बोलावून विचारलं, तुझ्याकडे किती बाकी आहे? ज्याने जो आकडा सांगितला तो मान्य केला. माणसं प्रामाणिकपणे आकडे सांगत होती, काहींनी तर घरच्या डायरीत लिहून ठेवलेले. पण अशी वेळ येऊच नये.

आमच्याकडे परतल्यावर आमच्या मालकांनी, शेठनी, पहिला प्रश्न विचारला, "आपल्याकडे अँटीव्हायरस आहे ना?" होता. दुसरा प्रश्न, "आणि आपल्यासारख्या चटईवाल्याच्या मागे कोण कशाला लागेल?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना न्हावाशेवाच्या उदाहरणाने दिलं, कारण ते बंदर त्यांना स्वतःच्या अंगणासारखं माहीत आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला. तो सुरू झाला युक्रेनमध्ये, तिथल्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या आणि करभरणीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे आपल्याकडे टॅलीचं अपडेट यावं तसं. रोख युक्रेनवर होता, पण तिथे ऑफिस असलेल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये तो घुसला आणि तिथून जगभर पसरला. जेएनपीटीतलं, म्हणजे न्हावाशेवा बंदरातलं, त्यांच्याच समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. युक्रेनच्या भांडणाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, त्यांचे कंटेनर गेटवर थांबले. मर्स्कने नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर दिला. आणि त्यांचं नेटवर्क पुन्हा उभं राहिलं ते घानातल्या एका ऑफिसमुळे. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तिथला एक सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला होता. कुणाला कुठे प्रवेश आहे याची अख्ख्या कंपनीची माहिती ज्यात असते, तिची एकमेव धड प्रत त्या सर्व्हरवर उरली.

शेठ हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे जोडलेली नव्हती म्हणून वाचली." पुढचं सगळं काम या एका वाक्यावर झालं असं म्हटलं तरी चालेल.

आम्ही एक जाड रजिस्टर घेतलं. सॉफ्टवेअर, फायरवॉल, अँटीव्हायरस यातलं काहीही न लिहिता आधी फक्त कामं लिहिली. पगार. ई-वे बिल. दाण्याचं पेमेंट. शिपिंग बिल. ग्राहकाची वसुली. प्रत्येक कामापुढे प्रश्न एकच: हे किती वेळ बंद पडलं तर चालेल? उत्तरं ऑफिसमध्ये बसून लिहायची नाहीत, जो ते काम करतो त्याला विचारायचं, असं मी ठरवलं होतं आणि त्याचा फायदा झाला. मला वाटायचं टॅली सगळ्यात महत्त्वाची. नाना म्हणाले, महिन्याची वीस तारीख, म्हणजे जीएसटी भरायची मुदत, जवळ नसेल तर टॅलीशिवाय मी दोन-तीन दिवस वहीवर काढीन. उलट डिस्पॅचचा पोरगा म्हणाला, ई-वे बिल एक तास अडलं तर ट्रकवाला भाडं वाढवून मागतो, आणि संध्याकाळी अडलं तर कंटेनरचा कटऑफ, म्हणजे बंदरात पोचायची शेवटची वेळ, चुकतो. लूमखात्याचे आप्पा म्हणाले, पगार एक दिवसही पुढे ढकलू नका. बायाबापड्यांचा आठवड्याचा बाजार त्यावर असतो. आप्पांनी हे इतक्या ठामपणे सांगितलं की पगाराची ओळ मी लाल पेनाने लिहिली.

मग दुसरा रकाना: हे काम कोणाच्या फोनवर, कोणाच्या पासवर्डवर, कोणाच्या डोंगलवर (डिजिटल सहीच्या यूएसबी चावीवर) अडकलंय? हा रकाना भरताना सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या लॉगिनला सगळ्यांनाच ओटीपी लागतो. आमच्याकडे तो ज्या नंबरवर जायचा तो शेठच्या मोठ्या मुलाचा होता आणि तो पुण्याला असतो. शेठच्या डिजिटल सहीचा डोंगल बाहेर एका ऑफिसात पडून होता, पिनची चिठ्ठी त्यालाच चिकटवलेली. ही सही म्हणजे कायद्याने शेठची सही. कोऱ्या चेकवर सह्या करून ते पुस्तक कुणी दुसऱ्याच्या टेबलावर ठेवत नाही, पण डोंगल मात्र गावभर असाच ठेवतात. तो त्याच दिवशी मागवून घेतला, पिन बदलला. टॅली दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाचा एनीडेस्कचा (दुरून कॉम्प्युटर चालवायच्या ॲपचा) कायमचा पासवर्ड सर्व्हरवर होता. तो कधीही, न विचारता आत येऊ शकत होता. माणूस चांगला आहे, पण त्याचा लॅपटॉप कुणी फोडला तर आमच्यासकट त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांची दारं एकदम उघडतात. युक्रेनमध्ये नेमकं हेच झालं होतं. आता तो फोन करतो, आम्ही स्क्रीनवर परवानगी देतो आणि काम संपलं की बंद करतो. आधी तो थोडा नाराज झाला. मी त्याला म्हटलं, दादा, उद्या काही झालं तर संशय पहिल्यांदा तुमच्यावर येईल, तो येऊ नये म्हणून हे. ते त्याला पटलं.

पैशांच्या बाबतीत नियम अगदी छोटा केला. कुणाचंही बँक खातं बदललं असं मेलवर, व्हॉट्सॲपवर किंवा अगदी फोनवर जरी आलं, तरी आपण आपल्या जुन्या फाइलमधला नंबर काढून स्वतः फोन करायचा. आलेल्या मेलमधला नंबर वापरायचा नाही. आणि हा नियम शेठलाही लागू. एक्स्पोर्टच्या धंद्यात हा धोका फार मोठा आहे, कारण सगळा व्यवहार मेलवर चालतो. चोर कुणाच्या तरी मेलबॉक्समध्ये शिरतो आणि काही न करता नुसता वाचत बसतो. ॲडव्हान्स कधी आला, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याचा कागद) कधी निघणार, बाकी पेमेंट कधी, सगळं त्याला कळतं. मग नेमक्या वेळी खऱ्यासारख्याच पत्त्यावरून मेल येतो. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी ठेवले तर घाईत कुणाच्या लक्षात येणार? सोबत तुमचंच प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (आगाऊ पाठवलेलं बिल), फक्त खाते नंबर बदललेला.

शेठ म्हणाले, मी स्वतः फोनवर सांगितलं तरी नानांनी मला परत फोन करायचा? हो. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला व्हिडिओ कॉलवर साहेब दिसले, इतर सहकारी दिसले, बोलले, आणि त्याने सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरची ती माणसं खोटी होती, संगणकाने बनवलेली. आपल्याकडे तर एवढंही लागत नाही. नव्या नंबरवर मालकाचा डीपी लावून 'मीटिंगमध्ये आहे, अर्जंट आरटीजीएस कर' असा मेसेज टाकला तरी काम होतं.

या नियमाची किंमतही आम्ही मोजली. दाण्याच्या एका जुन्या व्यापाऱ्याने खरोखरच बँक बदलली होती. शेठ भुसावळला लग्नात, त्यांनी नानांना फोन केला, लगेच ॲडव्हान्स पाठवा, भाव वाढतोय. नानांनी व्यापाऱ्याच्या जुन्या नंबरावर फोन लावला, तो उचलेना. नाना थांबले. व्यापाऱ्याचा संध्याकाळी फोन आला तेव्हा त्याला राग आला होता: इतक्या वर्षांचा व्यवहार आणि माझ्यावर विश्वास नाही? तो लॉट दुसरीकडे गेला आणि आम्हाला दाणा चढ्या भावाने घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात वातावरण तापलेलं होतं. शेठनी रजिस्टर मागवलं, नियमाचं पान वाचलं आणि नानांना म्हणाले, "तुम्ही बरोबर केलंत. मीच लिहिलंय ना हे?" नियम राहिला. फक्त एक भर घातली: प्रत्येक व्यापाऱ्याचे दोन नंबर फाइलला ठेवायचे. शिवाय आता आरटीजीएस आणि एनईएफटी करण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. ते नाव बघितल्याशिवाय नाना पुढे जात नाहीत. सगळ्या ग्राहकांना आणि व्यापाऱ्यांना लेटरहेडवर पत्र गेलं की आमचं खातं मेलवरून कधीही बदलणार नाही.

आता ज्या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, त्याबद्दल. बॅकअप.

बॅकअप घेतो का, या प्रश्नाला एमआयडीसीतला प्रत्येक जण हो म्हणतो. मी वेगळं मागितलं: उघडून दाखवा. एक जुना लॅपटॉप घेतला, त्याचं वायफाय बंद केलं आणि गृहीत धरलं की सर्व्हर गेला, ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर गेले. हातात फक्त बॅकअपची डिस्क. आता एका ग्राहकाचं खातं दाखवायचं, एक इन्व्हॉइस छापायचं आणि मजुरांची उचल काढायची.

पहिल्या वेळी टॅलीचा डाटा लॅपटॉपवर आला, पण उघडेना. कंपनीला टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीचा डाटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीचा, पासवर्ड होता आणि तो फक्त नानांना पाठ. नाना तेव्हा शिरपूरला नातेवाइकांकडे. फोन लागला म्हणून बरं. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर तो परत मिळवायची सोयच नाही, हे ऐकून शेठना घाम फुटला. पासवर्ड आला, डाटा उघडला, तर लॅपटॉपवरची टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे विनालायसन्सची शिकाऊ. त्यात जुन्या नोंदी बघता येतात, पण नवी एन्ट्री महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या तारखेलाच करता येते. लायसन्स दुसऱ्या मशीनवर हलवायला जो आयडी लागतो तो टॅलीवाल्याच्या नावावर नोंदलेला. आणि उचलीची शीट? ती बॅकअपमध्ये नव्हतीच. ती नानांच्या डेस्कटॉपवर होती, आणि बॅकअप फक्त टॅलीच्या फोल्डरचा होत होता. पॅकिंग लिस्ट, ग्राहकांचे लेबलचे नमुने, एक्स्पोर्टची जुनी फाइल, तीही बाहेरच.

म्हणजे बॅकअप रोज होत होता, नियमाने होत होता, आणि कारखाना तरीही उभा राहिला नसता. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. उघडून बघितल्याशिवाय हे कुणालाच कळत नाही, म्हणून लिहिते.

त्यानंतर रचना बदलली. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक कारखान्याबाहेर. हा जुना आणि साधा नियम आहे. गोलाणी मार्केटमधून दोन हार्ड डिस्क आणल्या. एक सम तारखेची, एक विषम तारखेची. संध्याकाळी जोडायची, बॅकअप झाला की काढायची आणि कपाटात ठेवायची. काढायची ही पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून कोणी काढली त्याची सही रजिस्टरमध्ये. तिसरी प्रत क्लाउडवर, पण आधी आम्ही जे वापरत होतो ते निव्वळ सिंक होतं. इथली फाइल बिघडली की तिथलीही बिघडते. आता फाइलच्या जुन्या आवृत्त्या महिनाभर राहतील अशी सेवा घेतली आणि तिचा पासवर्ड सर्व्हरवर कुठेही साठवलेला नाही. डेस्कटॉपवर काहीही ठेवायचं नाही, सगळं एका फोल्डरमध्ये. नानांना हे जड गेलं. त्यांच्या डेस्कटॉपवर त्यांना प्रत्येक फाइलची जागा डोळे मिटून माहीत होती. आम्ही त्यांच्या शेजारी बसून एकेक फाइल हलवली आणि नावं त्यांनीच ठरवली.

पुढच्या चाचण्यांमध्ये वेळ कमी होत गेला. आता सकाळी सुरू केलं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत पहिलं इन्व्हॉइस छापून निघतं. एक डिस्क मे महिन्यात बंद पडली. जळगावचा मे, खोलीत कूलर आणि कूलरचा दमट वारा. डिस्कचं कपाट नेमकं त्या वाऱ्याच्या तोंडावर होतं. कपाट हलवलं. हॅकर दूरचा आहे, पण ऊन आणि लाइट जाणं हे रोजचं; यूपीएसची बॅटरी बदलण्याचा खर्च शेठनी त्याच आठवड्यात मंजूर केला, कारण टॅली चालू असताना लाइट गेली की डाटा बिघडतो हे त्यांनी अनेकदा पाहिलंय.

बाकीची कामं भराभर झाली. रिमोट डेस्कटॉप बंद. शेठना घरून बघायचंच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतची बंद, सुरक्षित वाट) आणि त्यावर मोबाइलमधला कोड. राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदलला. मेलला सगळीकडे दुहेरी पडताळणी, आणि आमच्या नावाने बनावट मेल पाठवणं अवघड व्हावं म्हणून डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरंच आमच्याकडून आला का हे तपासू देणाऱ्या नोंदी, लावून घेतल्या. विंडोज १० चा मोफत सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जे कॉम्प्युटर विंडोज ११ घेऊ शकत होते त्यांना ते दिलं, दोन जुने काढून टाकले. २०१७ च्या मे महिन्यातला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर पसरला तोही असाच, मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी दिलेली दुरुस्ती न घेतलेल्या कॉम्प्युटरमधून. एक्स्ट्रूडरच्या पॅनलवरचं विंडोज फार जुनं आहे, ते बदललं तर मशीन चालणार नाही. त्याची नेटवर्कची वायर काढून टाकली. त्याला नेट लागतच नव्हतं.

व्हॉट्सॲपवरच्या एपीके फायलींनी (फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फायलींनी) मात्र आम्हाला पुष्कळ शिकवलं. ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर 'आरटीओ चलान' नावाची फाइल आली. ती फोनमध्ये बसवली की एसएमएस वाचते, ओटीपी पळवते आणि तुमच्या नावाने पुढच्या सगळ्यांना स्वतःला पाठवते. एक ड्रायव्हर काका माझ्याकडे फोन घेऊन आले: "ताई, चलान उनं शे म्हणीसन मी दाबी दिधं." (चलान आलंय म्हणून मी दाबलं.) फोन लगेच बंद करून, सिम काढून, दुसऱ्या फोनवरून त्यांच्या बँकेला कळवलं आणि खातं गोठवलं. वेळेत झालं. खरं चलान एपीके फाइलमधून येत नाही, सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघता येतं, हे त्यांना बसवून दाखवलं. पण इतक्या माणसांना किती सांगणार? म्हणून आम्ही कारखान्याचे सगळे ओटीपी, बँकेचे आणि ई-वे बिलाचे, एका साध्या कीपॅडच्या फोनवर घेतले. त्यात एपीके बसतच नाही. फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, किल्ली नानांकडे. माझ्या मते वर्षभरातला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल.

हल्ला झालाच तर काय करायचं, हे एका पानावर लिहून नेट नसतानाही दिसेल असं भिंतीला लावलं. मजकूर थोडका. पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मग बँक. २०२१ पासून या व्यवस्थेत तक्रार आली की पैसे ज्या ज्या खात्यात फिरतायत त्या बँकांना निरोप जातो आणि ते अडवता येतात. पण पैसे काढले जाण्याआधी. म्हणून खाते नंबर, यूटीआर (बँक व्यवहाराचा क्रमांक) आणि वेळ हातात ठेवून फोन करायचा आणि नंतर सायबर पोलीस ठाण्यात जायचं. कॉम्प्युटर कुलूपबंद झाला असेल तर नेटची वायर काढायची, पण फॉरमॅट करायचा नाही, पुरावा जातो. आणि सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, सहा तासांच्या आत कळवायचं. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार हे बंधन लहानमोठ्या सगळ्या धंद्यांना आहे, आणि सिस्टीमचे लॉग (कोण कधी आत आलं, काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आहेत. एमआयडीसीत मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या बहुतेकांना हे माहीत नव्हतं.

एक विषय मी हट्टाने घेतला. मजुरांच्या आधारच्या प्रती, पासबुकचे फोटो, पोरांचे शाळेचे दाखले, हे सगळं वर्षानुवर्षं व्हॉट्सॲपवर आणि पेनड्राइव्हवर पडलेलं होतं. वैयक्तिक डाटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतायत; सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पण दंडाच्या भीतीने मी हे केलं नाही. लूमवर काम करणारी बाई आपलं आधार आपल्याला विश्वासाने देते. तिच्या नावावर उद्या कुणी कर्ज काढलं तर ती कुठे जाईल? ज्यांनी काम सोडलंय त्यांचं, कायद्याने ठेवावं लागतं तेवढं सोडून, सगळं पुसलं. उरलेलं पासवर्ड असलेल्या एका फोल्डरमध्ये आणलं.

सायबर विम्याचाही विचार केला. विमा अजून घेतलेला नाही, पण त्याचा अर्ज मागवून भरून बघा असं मी कुणालाही सांगेन. जोडलेली नसलेली प्रत आहे का, दुहेरी पडताळणी आहे का, परत आणण्याची चाचणी कधी केली, हे सगळे प्रश्न त्यात असतात. आणि खोटं लिहिलं तर दावा नाकारला जातो, त्यामुळे खरं लिहावंच लागतं.

क्लाउडशिवाय एक डिस्कही कारखान्याबाहेर हवी, ती कुठे ठेवायची हा प्रश्न शेवटी शेजारच्या युनिटनेच सोडवला. त्यांची डिस्क आमच्या तिजोरीत, आमची त्यांच्या. दर शनिवारी अदलाबदल होते. दोन्ही डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधल्या डिस्क कुलूपबंद करायच्या सोयीने) कुलूपबंद आहेत, त्यामुळे एकमेकांचे भाव एकमेकांना दिसत नाहीत. आमची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायची राखीव किल्ली, कागदावर छापून शेठच्या बँक लॉकरमध्ये आहे. चाचणीही आता दोघं मिळून करतो, एकमेकांचा माणूस शेजारी बसवून, म्हणजे 'उघडलं' असं खोटं लिहिता येत नाही.

टॅलीचं लायसन्स अजून पूर्ण आमच्या नावावर आलेलं नाही, त्याचा पाठपुरावा चालू आहे. पुढची चाचणी आप्पांच्या मागणीवरून पगाराची घेणार आहोत. पगाराच्या दिवशी सकाळपासून ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर बंद ठेवून, कागदी हजेरी आणि छापील उचलीवरून दुपारपर्यंत सगळ्यांचा पगार करायचा. हजेरीपत्रक हाताने भरायला आप्पांनी सुरुवात केली आहे, उचलीची यादी दर सोमवारी छापून फाइलला लागते, आणि रोख रक्कम लागेल म्हणून बँकेला आधी कळवायचं काम शेठनी स्वतःकडे घेतलंय.